उलाळ

कोणाविषयी लिहायला बसावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मराठीत माझ्या हातून आजवर जे लिहून झालं ते परीक्षेतले निबंध आणि बहिणीला फोनवर पाठवलेले मेसेज. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या वैरागडे काकांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आहेत. त्यांच्याबरोबर मुलं वाढवलेली, नाटकं बसवलेली, भांडलेली. मी नुसता त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. पण त्यांच्यापैकी कोणी लिहिलं नाही, आणि मला काही केल्या ते डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी मास्टर्स करायला मिशिगनला आलो तेव्हा खोली बघायला काकांच्या घरी गेलो होतो. बरोबर दोन बॅगा होत्या. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहण्याआधी बॅगांकडे पाहिलं. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली.

"ही तेवीस किलोची. विमान कंपनीच्या नियमात बसणारी," ते म्हणाले. "ही मात्र जास्त आहे. सोडली कशी त्यांनी?"

मी म्हटलं, आईने ऐनवेळी चटण्या आणि लाडू भरले, काउंटरवरच्या बाईंना दया आली.

"दया," काका म्हणाले. "विमानाला दया कळत नाही." मग आतल्या बाजूला वळून त्यांनी आवाज दिला, "शैला, मुलगा बरा आहे. खरं बोलतो."

एवढ्यावर मला खोली मिळाली.

काका मूळचे नागपूरचे. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत त्यांची सगळी नोकरी टेस्ट इंजिनिअर म्हणून गेली. काम असं, की पिकअप ट्रकच्या मागे वजन भरलेला ट्रेलर लावायचा आणि तो ट्रक चढावर ओढतो का, वळणावर सावरतो का, उतारावर थांबतो का, ते तपासायचं. कधी कंपनीच्या ट्रॅकवर, कधी ॲरिझोनाच्या उन्हात. ट्रेलरमध्ये वाळूच्या गोण्या नाहीतर पाण्याच्या टाक्या. "सगळी नोकरी वाळू फिरवून आणली," असं ते म्हणत. "ना त्या वाळूने कधी डोंगर बघितला, ना मी."

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी ट्रेलर घेतला. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच असते. आत पलंग, ओटा, गॅस, छोटंसं न्हाणीघर. पुढे एक लोखंडी दांडा, तो ट्रकच्या मागच्या गोळ्यावर बसवायचा आणि निघायचं. काका आणि काकूंचा बेत ठरलेला होता. मिशिगनचे दोन भाग जोडणारा उत्तरेचा मोठा पूल ओलांडायचा, लेक सुपीरियरच्या काठाला ट्रेलर लावायचा आणि काकूंनी आपल्या ओट्यावर केलेला चहा पाण्याकडे बघत प्यायचा. दुसरं काही नाही. पण हा बेत काकूंच्या बोलण्यात इतका यायचा की तो चहा मला जवळजवळ ओळखीचा झाला होता.

तिथल्या महाराष्ट्र मंडळात काकांना तरुण मुलं 'नाही-काका' म्हणत. त्याचं कारण असं, की नोव्हायमध्ये निम्मी माणसं गाड्यांच्या धंद्यात, पण ट्रेलर घ्यायचा म्हटलं की सगळे काकांकडे येत, आणि काका बहुतेकांना नाही म्हणत. कोणी विचारलं, "काका, माझा ट्रक हा ट्रेलर ओढेल का?" तर ते म्हणत, "ओढेल. ओढायला काय लागतं? थांबवता येईल का, ते विचार."

हे वाक्य ते कशालाही लावत. मी एकदा दोन जास्तीचे कोर्स घ्यावेत का विचारलं, तेव्हाही हेच उत्तर मिळालं.

गणपतीच्या जेवणातला प्रसंग तर मंडळात सगळ्यांना माहीत आहे. निखिल नावाचा पुण्याचा एक इंजिनिअर, त्याने एका प्रदर्शनात भलामोठा ट्रेलर पसंत केला होता. विकणाऱ्याने सांगितलं होतं, तुमचा ट्रक आरामात ओढेल. निखिल मोदक खात खात हे काकांना सांगत होता. काकांनी आपली प्लेट काकूंच्या हातात दिली.

"चल, दार उघड," ते म्हणाले.

"कसलं दार?"

"तुझ्या ट्रकचं."

जेवण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं, ते दोघं तिथल्या पार्किंगमध्ये गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक लहानसा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून त्या ट्रकवर किती वजन ठेवता येईल, ते त्यावर लिहिलेलं असतं. काकांचा सगळा विश्वास त्या स्टिकरवर. परत आले ते थेट निखिलच्या बायकोसमोर, मधुरासमोर, उभे राहिले. रांगेत वीस-पंचवीस माणसं असतील.

"मधुरा, वजन किती तुझं?"

ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की काका उत्तराची वाट बघताहेत.

"काका, हे काय विचारणं झालं?"

"वय तर विचारलं नाही," काका म्हणाले, आणि शेजारी पुण्याहून आलेल्या निखिलच्या आईकडे वळले. "वहिनी, तुमचं?"

त्या माउलीने लाजत का होईना, किलोमध्ये सांगून टाकलं. काकांनी मनातल्या मनात पौंड केले. मुलांची वजनं निखिलने सांगितली. मग काका हिशोब समजावू लागले. ट्रेलर मागून येतो खरा, पण त्याचा दांडा ट्रकच्या पाठीवर बसतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा ट्रकला अंगावर घ्यावा लागतो. तो आधी स्टिकरवरच्या आकड्यातून वजा करायचा. जे उरेल त्यात माणसं, सायकली, कूलर, सगळं.

"ट्रेलर येईल," त्यांनी शेवटी सांगितलं. "पण आईंना बसने यावं लागेल."

"काका, ब्रोशरमध्ये अकरा हजार पौंड लिहिलंय," निखिल म्हणाला. "सेल्समन काय खोटं बोलतोय?"

"खोटं नाही. ब्रोशरमधला ट्रक अकरा हजार ओढतो. फक्त ब्रोशरमधल्या ट्रकात आई नसते."

सगळे हसले, निखिल सोडून. पुढे बरेच दिवस तो काकांशी बोलत नव्हता. मग एके शनिवारी आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "छोटा घेतलाय. येऊन बघा." काका चपला घालून तसेच त्याच्याबरोबर गेले. परत आल्यावर काकूंनी विचारलं, "मग? होय म्हणालात का कधी नव्हे ते?" काका म्हणाले, "मी कशाला म्हणू? स्टिकर म्हणाला."

घरातही त्यांचं तसंच. जेवायला बसलं की ते विचारत, "किती पोळ्या?" तीन म्हटलं की तीन. चौथी कधी ताटात आली नाही. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं असा रिवाज. मी पहिले काही दिवस सवयीने एक कमी सांगायचो आणि अर्धपोटी उठायचो. शेवटी काकूंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे उलटी गंगा आहे. हे नागपूरचे असून आग्रह करत नाहीत आणि मी पुण्याची असून करते. तुला हवं ते यांना खरं सांगायचं आणि मला खोटं."

काकूंचा आग्रह मोठा. दोन गावं पलीकडे जायचं असलं तरी त्या रिकाम्या हाताने जात नसत. आणि त्यातूनच तो प्रसंग घडला, ज्यात माझा एक शब्द काकांच्या घरात कायमचा राहून गेला.

ट्रेलर नवीन होता. लॅन्सिंगला काकूंची मैत्रीण राहते, तिच्याकडे एका दिवसाची चाचणी फेरी करून यायचं ठरलं. काकांनी आदल्या दिवशी ट्रक आणि ट्रेलर ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेऊन पुढचं, मागचं, सगळं वजन करून आणलं होतं. सकाळी निघण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या. एक सरळ, एक उलटी. टायरवर बोटांच्या पेरांनी वाजवत, साखळ्या ओढून बघत.

"देवाला कधी घातल्या नाहीत," काकू मला म्हणाल्या. "शंकराला अर्धी प्रदक्षिणा पुरते, याला दोन लागतात."

मी मागच्या सीटवर बसलो होतो. हायवेला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. वेग वाढला तसा ट्रेलर मागे डुलू लागला. आधी थोडा, मग जास्त. ट्रकची पाठ कोणीतरी धरून हलवतंय असं वाटायला लागलं. काकूंनी दारावरची मूठ घट्ट धरली. काकांनी ब्रेक मारला नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डॅशबोर्डखालची एक छोटी कळ हळूच दाबली. ती फक्त ट्रेलरचे ब्रेक लावते. हे सगळं करताना ते पुटपुटत होते, "ये बाप्पा, ये. सरळ ये." डुलणं कमी झालं, थांबलं. पुढच्या रेस्ट एरियात त्यांनी गाडी घेतली.

खाली उतरून त्यांनी ट्रेलरचं मागचं कपाट उघडलं. त्या ट्रेलरचं स्वयंपाकघर अगदी शेवटच्या टोकाला होतं. आदल्या दिवशी काट्यावर नेलं तेव्हा नसलेलं बरंच काही कपाटात होतं. तांदळाची मोठी पिशवी, दोन कुकर, लोखंडी तवा, लोणच्याच्या बरण्या.

"मी फक्त थोडंसं ठेवलं," काकू म्हणाल्या. "तिच्याकडे मोकळ्या हाताने कसं जायचं?"

मला वाटलं आता काका चिडणार. ते कपाटाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. ट्रेलर मोजला, तुझा स्वभाव मोजला नाही."

मग ते काकूंना समजावायला लागले, की वजन सगळं चाकांच्या मागे गेलं, त्यामुळे दांडा वर उचलला गेला, त्यामुळे ट्रकची पकड गेली. पण त्यांच्या तोंडात सगळे शब्द इंग्रजी येत होते आणि काकू "म्हणजे काय?" म्हणत होत्या. मी मध्ये बोलावं की नाही, मला कळेना. शेवटी म्हणालो, "काका, आमच्याकडे याला उलाळ म्हणतात."

"काय?"

"उलाळ. गाडी उलाळ झाली म्हणतात."

माझे वडील बैलगाडीने साखर कारखान्यावर ऊस वाहतात. गाडीत मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, गळ्याचा पट्टा आवळतो. तेव्हा वडील खाली उतरून मोळ्या पुढे घेतात. मी हे सांगितलं. काका ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद येत होता की मलाच संकोच वाटला.

"उलाळ," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "उलाळ. बघ शैला, एका शब्दात बसलं."

"समजलं," काकू म्हणाल्या. "बैल गुदमरतो. आधी असं सांगायचं ना." आणि त्यांनी तांदळाची पिशवी स्वतः उचलून पुढच्या पलंगाखाली नेऊन ठेवली.

घरी आल्यावर काकांनी मला वडिलांना फोन लावायला सांगितला. व्हिडिओवर दोघं समोरासमोर आले. वडील टोपी सरळ करून बसले होते, साहेबांशी बोलायचं म्हणून. काकांनी विचारलं, "दादा, गाडी उलाळ झाली हे निघायच्या आधी कसं कळतं?"

"बैल सांगतो की, साहेब."

"कसा सांगतो?"

"मान वर करतो. वढायला नको म्हणतो."

"आमच्या ट्रकला मान नाही ना, दादा. तो बिचारा तसाच निघतो."

वडील हसले. "मग तुम्हालाच मान वर करावी लागत असंल."

त्यानंतर काका हा शब्द सगळीकडे वापरू लागले. श्रीखंडात साखर जास्त झाली की श्रीखंड उलाळ. मंडळाच्या मीटिंगमध्ये पुढे कामाला कोणी नाही आणि मागे बसून बोलणारे पुष्कळ, तर कमिटी उलाळ. मी परीक्षेच्या आधी सगळा अभ्यास शेवटच्या आठवड्यावर टाकला, तर मीही उलाळ. निखिलने एकदा मला विचारलं, "यार, हा नक्की शब्द आहे ना? की तू बनवलास?"

त्या वर्षी थंडी लांबली, मग काकांची तपासणी, मग काही ना काही. उत्तरेचा बेत पुढच्या वर्षावर गेला. काकांना मधुमेह होता, हे मला माहीत होतं. त्यांच्या उजव्या पायाला जडत्व येतं, हे मात्र माहीत नव्हतं. ते कधी बोलले नव्हते. वसंत ऋतूत एकदा ते जिन्यावरून उतरताना त्यांची एक चप्पल वरच राहिली आणि त्यांना ते खाली आल्यावर कळलं. काकूंनी ती चप्पल उचलून त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

पुढच्या रविवारी काका ट्रक घेऊन निघाले. म्हणाले, चला दोघंही. जवळच एक बंद पडलेलं दुकान होतं, त्याचं पार्किंग रिकामं. काकांनी एका टोकाला नारिंगी रंगाचा प्लॅस्टिकचा कोन ठेवला. आम्हाला बाजूला उभं केलं. ट्रेलर लावलेला नव्हता. ते दूर गेले, वेगात आले आणि कोनाच्या आधी थांबायला हवं तिथे थांबले नाहीत. कोन पुढच्या चाकाखाली गेला. त्यांनी उतरून तो पुन्हा उभा केला. पुन्हा गेले. पुन्हा आले. या वेळी कोन वाचला, पण ट्रक त्याला घासून पुढे गेला. तिसऱ्यांदा काकू ओरडल्या, "पुरे की आता." ते ऐकू गेलं नसावं. तिसऱ्यांदाही तेच झालं.

ते उतरले. बुटाचं टोक जमिनीवर आपटून बघितलं, टायर वाजवून बघायचे तसं.

"ओढता येईल मला," ते म्हणाले. मग वाकून कोन उचलला. "थांबवता येणार नाही."

"डॉक्टरांनी कुठे म्हटलंय गाडी चालवू नका म्हणून?" काकू म्हणाल्या.

"डॉक्टरांना मागचा ट्रेलर दिसत नाही."

आजवर किती जणांना त्यांनी नाही म्हटलं असेल. निखिलला म्हटलं होतं त्याच आवाजात त्यांनी ते स्वतःला म्हटलं. आवाज जरासुद्धा बदलला नाही. मी तोपर्यंत काकांना हुशार समजत होतो. त्या दिवशी पार्किंगमध्ये मला ते कोणीतरी मोठे वाटले. हे मला नीट सांगता येत नाही.

त्यांनी किल्ली काकूंपुढे धरली.

"मी?" काकू म्हणाल्या. "मी एवढीशी गाडी घेऊन लायब्ररीत जाते आणि येते. मला हे धूड जमणार नाही. विकून टाकू आपण. चहा काय, घरीही पिता येतो."

मला वाटलं होतं, काका म्हणतील बरं, विकू. कारण आग्रह हा त्यांचा विषयच नव्हता. पण किल्ली तशीच धरलेली होती.

"एकदा बस," ते म्हणाले.

"नको."

"नुसती बस. सुरू करू नको."

"अहो, नको म्हटलं ना."

"शैला. एकदा. माझ्यासाठी."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "कधी अर्धी पोळी घे म्हणाला नाहीत. आणि आज ट्रक वाढताय?"

पण त्या बसल्या. सीट पुढे घ्यावी लागली, आरसे खाली करावे लागले. काका दाराशी उभे राहून एकेक सांगत होते. त्या दिवशी काकूंनी पार्किंगला एक चक्कर मारली.

त्यानंतर सगळा उन्हाळा शिकवणी चालली. कॉलनीच्या नियमात ट्रेलर दारात ठेवता येत नसे, म्हणून तो गावाबाहेरच्या यार्डात असायचा. शनिवारी सकाळी दोघं तिकडे जात. मीही कधीकधी जाई. सरळ चालवणं काकूंना लवकर आलं. रिव्हर्स मात्र येईना. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो. काकूंना त्याचा संताप यायचा.

"याला कोणी शिकवलं असं उलटं वागायला?"

"हात वर धरू नको. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर," काका बाहेरून सांगत. "आता ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात ने. उलटं सरळ होऊन जातं."

एकदा काकूंनी मागे घेता घेता कोन चिरडला. काच खाली करून विचारलं, "काय होतं?"

"निखिल होता," काका म्हणाले. "चालेल. पुढे घे."

मी त्यांच्या शेजारी उभा असायचो तेव्हा बघायचो, काकू ब्रेक लावायच्या त्या क्षणी काकांचा उजवा पायही जमिनीवर दाबला जायचा.

सप्टेंबरमध्ये ते निघाले. तोवर माझी डिग्री होत आली होती आणि टेक्सासमधल्या अर्विंगची नोकरी ठरली होती, त्यामुळे त्या घरातले माझेही ते शेवटचे दिवस. ट्रेलर सामान भरण्यापुरता दारात आणलेला. काकूंनी तांदूळ, कुकर, सगळं पुढच्या बाजूला ठेवलं होतं आणि काट्यावर नेऊन आणलं होतं. निखिल आणि मधुरा निरोप द्यायला आले होते. प्रदक्षिणा काकांनीच घातल्या. एक सरळ, एक उलटी, हाताने ट्रेलरला धरत, सावकाश. मग ते बाजूच्या सीटकडे गेले, तर काकूंनी दाराला हात आडवा लावला.

"वजन किती तुमचं?"

मधुरा जोरात हसली. म्हणाली, "काकू, सोडू नका त्यांना."

काकांनी अगदी गंभीरपणे आकडा सांगितला. कालच केलेलं वजन, म्हणाले, बुटांसकट.

"बसा," काकू म्हणाल्या.

आमच्या रस्त्याच्या शेवटी एक स्टॉप साइन आहे. मी फुटपाथवर उभा राहून बघत होतो. ट्रक हळूहळू तिथवर गेला. ट्रेलरचे मागचे दोन्ही लाल दिवे एकदम लागले. तो थांबला, कुठेही न हलता, सरळ. उजव्या खिडकीतून काकांचा हात बाहेर आला आणि त्यांनी दारावर बाहेरून दोन थापा मारल्या. माझे वडील बैलाच्या पाठीवर मारतात तशा. मग ते वळले. त्यानंतर मी काकांना पाहिलं नाही.

टेक्सासला आल्यावर काकूंनी एक फोटो पाठवला होता. दगडांवर ठेवलेले दोन स्टीलचे कप, मागे पाणीच पाणी. खाली लिहिलं होतं, "वारा होता, पुलावरच्या माणसांनी मला हळू न्यायला लावलं. हे पूर्ण पूलभर डोळे उघडे ठेवून बसले." मी फोटोला अंगठा पाठवला. नोकरी नवीन होती. दिवाळीला फोन झाला, पुढच्या दिवाळीला राहिला. मग कळेना, इतक्या दिवसांनी कसा करायचा.

गेल्या रविवारी काकूंचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा. जेवलास का, पोळ्या करतोस की नुसता भात, हे सगळं झालं. मग म्हणाल्या, "अरे, एक गंमत सांगते. काल ट्रेलर बघायला एकजण आला होता. निखिलनेच जाहिरात टाकून दिली होती. चांगला मुलगा, बायको बरोबर, दोन लेकरं. त्याला पसंत पडला. मी म्हटलं, आधी तुझ्या ट्रकचं दार उघड."

मी हसलो. "मग?"

"मग काय. स्टिकर बघितला, त्याच्या बायकोला वजन विचारलं. रागावली ती. मी म्हटलं, बाई, वय नाही विचारलं. हिशोब केला आणि नाही म्हणून सांगितलं. तुमच्या ट्रकला नाही झेपणार. तो म्हणाला, मी ओढेन. मी म्हटलं, ओढशील रे."

"आणि काका काय म्हणाले?" मी विचारलं.

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुला कळलं नाही का रे?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं निखिलने कळवलं असेल. काका गेले. झोपेतच गेले, जानेवारीत. बर्फ फार होता तेव्हा."

काकूंनीच मला सांभाळून घेतलं. म्हणाल्या, फार त्रास झाला नाही, सगळे आले होते, निखिल तर रोज येत होता. आदल्या दिवशी काकांनी माझी आठवण काढली होती, शिऱ्यात तूप जास्त झालं म्हणून. मी कसंबसं विचारलं, "काकू, तुम्ही कशा आहात?"

"घर जरा उलाळ झालंय," त्या म्हणाल्या.

मग एवढंच सांगितलं, की ट्रेलर आता विकणार नाही, जाहिरात काढून टाकायला सांगितली आहे. बर्फ वितळला की पुलापलीकडे घेऊन जाणार आहेत. आज सकाळीच काट्यावर नेऊन आणला. मी विचारलं, एकट्याच जाणार का.

"एकटीच," काकू म्हणाल्या. "पण वजन त्यांचं धरूनच मोजलंय. बुटांसकट."